सुलट, उलट आणि तारका : विणकामाचे इंग्रजी पॅटर्न वाचताना

विणकामाच्या इंग्रजी पॅटर्नमधली एक साधी ओळ घेऊ : ‘के३, *के२टॉग, वायओ, आरईपी फ्रॉम * टू लास्ट ३ एसटीएस, के३.’ मफलरच्या काठाला किंवा बाळाच्या दुपट्याला जाळी घालायची असली की अशी ओळ हमखास भेटते. आई-आजीच्या हाताकडे बघून विणायला शिकलेल्या बाईला यातली एकही कृती नवी नसते, तरी हा कागद हातात आला की ती थबकते. नव्याने सुया धरणाऱ्याला तर वाटते, ही सगळी लघुरूपे पाठ होईपर्यंत लोकर विकत आणण्यातही अर्थ नाही.

पाठ करण्यासारखे यात फार थोडे आहे. के म्हणजे सुलट, पी म्हणजे उलट, एसटी म्हणजे टाका. टॉग म्हणजे एकत्र, आरईपी म्हणजे पुन्हा तेच. वायओ म्हणजे लोकरीचा एक वेढा सुईवर घेणे. पुढच्या ओळीत तो विणला की तिथे जाळीचे भोक पडते. आता ती ओळ मराठीत वाचू. सुरुवातीचे ३ टाके सुलट. मग दोन टाके एकत्र सुलट विणून त्यांचा एक करायचा आणि लगेच सुईवर लोकर घ्यायची. शेवटचे ३ टाके उरेपर्यंत हेच करत जायचे. ते ३ सुलट. सुईवर २६ टाके असतील तर दोन्ही काठांचे मिळून ६ आणि मधले २०. म्हणजे तारकेपासूनचा तुकडा १० वेळा येईल. प्रत्येक वेळी एक टाका कमी होतो आणि एक वाढतो, म्हणून ओळ संपली तरी टाके २६च राहायला हवेत. २५ निघाले तर कुठेतरी वेढा घ्यायचा राहिला, २७ निघाले तर कुठेतरी दोनांचा एक करायचा राहिला. ओळ नुसती वाचता येणे पुरेसे नाही, तिचा हिशेब मांडता आला पाहिजे; आणि हा हिशेब मांडायची सवय पहिल्याच आठवड्यात लागली, तर पुढची बरीचशी उसवाउसवी वाचते.

लघुरूपांची यादी लांबलचक दिसते, पण सुयांवर मुळात होणाऱ्या गोष्टी मोजक्याच. टाके घालणे, विणणे, वाढवणे, कमी करणे, न विणता एका सुईवरून दुसरीवर घेणे, त्यांची जागा अदलाबदल करणे आणि शेवटी बंद करणे. सीओ म्हणजे टाके घाला, बीओ म्हणजे बंद करा, एसएल म्हणजे न विणता घ्या, सी४एफ म्हणजे चार टाक्यांची वेणी टाका आणि त्यातले पहिले दोन जादा सुईवर घेऊन पुढच्या बाजूला धरा. सी४बी असेल तर तेच दोन मागे धरा. उरलेली बहुतेक लघुरूपे ही या क्रियांना जोडलेली विशेषणे आहेत : कुठून, कोणत्या बाजूने, किती वेळा, कधीपर्यंत.

इंग्रजीत विणकामाच्या कृती सतराव्या शतकापासून छापील सापडतात, पण त्या पूर्ण वाक्यांत लिहिलेल्या आहेत. एकोणिसाव्या शतकात विणकाम हा मध्यमवर्गीय घरांतला छंद झाला, पुस्तके खपू लागली आणि जागा वाचवण्याची गरज पडली. एडिंबरात लोकरीचे आणि कशिद्याच्या सामानाचे दुकान चालवणाऱ्या जेन गॉगेन यांचे पुस्तक १८४० मध्ये निघाले. त्यात त्यांनी टाक्यांसाठी स्वतःची अक्षरे आणि खुणा वापरल्या. पुढच्या लेखिकांनी आपापल्या वेगळ्या वापरल्या. त्या काळी सुलट टाक्याला प्लेन म्हणत, त्यामुळे जुन्या पुस्तकात पी दिसला की तो उलटच असे धरून चालत नाही. विसाव्या शतकात मासिके आणि लोकर-कंपन्यांची पत्रके यांतून के आणि पी स्थिरावले. बाकीची लघुरूपे अजूनही पूर्ण एकसारखी नाहीत. अमेरिकेतल्या क्राफ्ट यार्न कौन्सिलने एक यादी करून ठेवली आहे आणि अनेक प्रकाशक ती मानतात, पण मानलीच पाहिजे असे बंधन कोणावर नाही. म्हणून प्रत्येक पॅटर्नच्या सुरुवातीला किंवा शेवटी दिलेली खुलाशाची चौकट आधी वाचायची. त्या पॅटर्नपुरता शेवटचा शब्द तिचाच.

सर्वांत जास्त गोंधळ कुठे होतो, तर ब्रिटन आणि अमेरिका यांच्यामध्ये. टाके बंद करण्याला अमेरिकन बाइंड ऑफ म्हणतात, ब्रिटिश कास्ट ऑफ. एक सुई सुलट, एक सुई उलट अशा साध्या विणीला एकाकडे स्टॉकिनेट, दुसऱ्याकडे स्टॉकिंग स्टिच. ब्रिटिशांची मॉस स्टिच म्हणजे अमेरिकनांची सीड स्टिच. अमेरिकन पॅटर्नमध्ये मॉस स्टिच आली, तर ती निराळी वीण असते. तिच्यात टाके दर दोन ओळींनी सरकतात. ब्रिटिश तिला डबल मॉस म्हणतात. ही नावे एकदा वहीत लिहून ठेवली की प्रश्न मिटतो.

वायओचे मात्र इतक्या सहज मिटत नाही. अमेरिकन पॅटर्न सगळीकडे वायओच लिहितो. ब्रिटिश परंपरेत वेढा कोणत्या दोन टाक्यांच्या मध्ये येतो त्यावर त्याचे नाव बदलते. दोन सुलट टाक्यांच्या मध्ये वायएफडब्ल्यूडी, म्हणजे लोकर पुढे आणा. दोन उलट टाक्यांच्या मध्ये, किंवा सुलटनंतर उलट येत असेल तर वायआरएन, म्हणजे लोकर सुईभोवती फिरवा. उलटनंतर सुलट असेल तर वायओएन, म्हणजे लोकर सुईवरून न्या. फळ तिन्हींचे एकच : एक वाढीव टाका आणि त्याखाली भोक. ही तीन नावे नवख्याच्या सोयीची आहेत, कारण हाताने नेमके काय करायचे ते त्यांत सांगितलेले असते. वायओ नुसता निकाल सांगतो. सुलटनंतर उलट टाका येणार असेल तर लोकर पुढे आणणे पुरत नाही, ती सुईभोवती पूर्ण फिरवून पुन्हा पुढे आणावी लागते. नाहीतर वेढा पडतच नाही. नवख्याच्या जाळीत एखादे भोक गायब असते ते बहुधा याच जागी. त्यात आणखी एक पेच आहे. काही पॅटर्नमध्ये लोकर पुढे आणा याचा अर्थ तेवढाच असतो : पुढच्या टाक्याला नुसती लोकर पुढे ठेवा, वेढा नको. डब्ल्यूवायआयएफ हे लघुरूप त्याच्यासाठी आहे, तरी सगळे ते वापरत नाहीत. अशा वेळी ओळीतले टाके मोजणे हाच निवाडा. ओळीच्या शेवटी टाके तितकेच राहायचे असतील आणि कमी करण्याची कृती कुठेच नसेल, तर तो वेढा नव्हता.

टाके कमी करण्याच्या रीती हा या सगळ्या विषयातला मला सर्वांत सुंदर वाटणारा भाग. के२टॉग आणि एसएसके दोन्हींत दोनाचा एक टाका होतो. मग दोन नावे का? के२टॉगमध्ये दोन टाके सरळ एकत्र विणले जातात, डावीकडचा टाका वर येतो आणि तो उजवीकडे झुकतो. एसएसकेमध्ये दोन टाके एकेक करून सुलट विणताना घालतो तशी सुई घालून उजव्या सुईवर घ्यायचे, मग डावी सुई त्यांत पुढून घालून मागच्या बाजूने एकत्र विणायचे. आता उजवीकडचा टाका वर येतो आणि झुकाव डावीकडे जातो. व्ही गळ्याचा स्वेटर घ्या. गळ्याच्या एका कडेला एक आणि दुसऱ्या कडेला दुसरी रीत वापरली, तर दोन्ही कडांच्या रेघा गळ्याबरोबर सुबक उतरत जातात. दोन्हीकडे के२टॉगच केला, तर टाक्यांचा हिशेब बरोबर येतो, माप बरोबर येते, पण एक बाजू रेखीव आणि दुसरी पायऱ्यापायऱ्यांची दिसते. एसएसके रूढ झाला तो अमेरिकेच्या बार्बरा वॉकर यांच्या पुस्तकांमुळे. त्यांचा विणींचा पहिला मोठा संग्रह १९६८ मध्ये आला. त्याआधीच्या आणि आजच्याही कित्येक ब्रिटिश पॅटर्नमध्ये याच जागी एसएल१, के१, पीएसएसओ असे दिसते : एक टाका न विणता घ्या, पुढचा सुलट विणा आणि घेतलेला टाका त्यावरून ओढून टाका. झुकाव डावीकडेच, फक्त टाका थोडा ताणला जातो.

इथे न विणता घेण्याचा एक अलिखित नियम समजून घ्यावा लागतो, कारण पॅटर्न तो क्वचितच सांगतो. टाका नुसताच घ्यायचा असेल तर उलट विणताना घालतो तशी सुई घालायची. मग टाका पिळला जात नाही. कमी करण्याच्या कृतीचा भाग म्हणून घ्यायचा असेल, तर सुलट विणताना घालतो तशी. आणि टीबीएल असे लिहिले असेल तर टाका मागच्या बाजूने विणून मुद्दाम पिळायचा असतो. या तिन्ही रीती एक गोष्ट गृहीत धरतात : टाक्याचा उजवा पाय सुईच्या पुढच्या बाजूला आहे. उलट टाक्यावर लोकर विरुद्ध दिशेने फिरवण्याची सवय असलेल्यांच्या सुईवर तो पाय मागे असतो. विणकाम बरोबरच असते, पण पॅटर्नमधला के२टॉग आणि एसएसके त्यांच्या हातून आपापली जागा बदलतात. म्हणून लघुरूपांच्याही आधी टाका बघायला शिकावा. सुलट टाक्याच्या खाली दोन तिरप्या रेघा जुळलेल्या दिसतात, उलट टाक्याच्या गळ्याशी आडवी गाठ दिसते. एवढे ओळखता आले की ओळ कुठे चुकली हे कागदाला विचारावे लागत नाही.

टाके वाढवण्याचे थोडक्यात. एम१ म्हणजे दोन टाक्यांमधला आडवा धागा उचलून, पिळून विणणे. एम१एल आणि एम१आर ही त्याची डावी-उजवी रूपे. केएफबी म्हणजे एकाच टाक्यात पुढून आणि मागून विणणे. त्याने शेजारी एक आडवी गाठ उमटते, काठाशी ती खपून जाते. जुन्या पुस्तकांतला ‘मेक वन’ मात्र बहुधा जाळीचा वेढा असतो. चित्रात भोके दिसत असतील तर तसाच घ्यावा.

आपल्याकडे खरे नुकसान होते ते सुयांच्या नंबरात. दुकानात आपण ८ नंबरच्या, १० नंबरच्या सुया मागतो. ही जुनी ब्रिटिश पद्धत. तिच्यात नंबर वाढला की सुई बारीक होते. आठ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, दहा नंबर म्हणजे सव्वातीन. अमेरिकन पद्धत नेमकी उलटी. नंबर वाढला की सुई जाड. तिथला आठ नंबर म्हणजे ५ मिलिमीटर, दहा म्हणजे ६. अमेरिकन पॅटर्नमधला आठ वाचून घरातल्या आठ नंबरच्या सुया काढल्या, तर स्वेटर आखूड आणि घट्ट होणार हे ठरलेलेच. लोकरीचेही तसेच. ब्रिटिश ४ प्लाय हे आज जाडीचे नाव आहे, धाग्यात चार पदर असतातच असे नाही. त्यांच्या डीके नावाच्या लोकरीला ऑस्ट्रेलियात ८ प्लाय म्हणतात, अमेरिकन क्रमवारीत ती ० ते ७ पैकी ३ नंबरची. यातून सुटायचा मार्ग सोपा आहे : सुई मिलिमीटरमध्ये वाचायची आणि लोकर टेन्शनवरून ठरवायची.

टेन्शन, अमेरिकेत गेज, म्हणजे १० सेंटिमीटरमध्ये किती टाके आणि किती ओळी बसतात ते. पॅटर्नमधली ही एक ओळ बहुतेक नवखे ओलांडून पुढे जातात आणि नंतर पस्तावतात. समजा, डीके लोकर आणि ४ मिलिमीटर सुईवर १० सेंटिमीटरला २२ टाके सांगितलेत. छातीचा घेर १०० सेंटिमीटर हवा असेल तर २२० टाके. तुमचा हात सैल आहे आणि तुमचे १० सेंटिमीटरला २० च बसतात. तेच २२० टाके तुमच्या सुईवर ११० सेंटिमीटरचे होतील. दोन टाक्यांच्या फरकाने स्वेटर एक माप मोठा. मग सुई पाव किंवा अर्ध्या मिलिमीटरने बारीक घ्यायची आणि पुन्हा तुकडा विणून बघायचा. तुकडा किमान १५ सेंटिमीटरचा असावा, कडेचे टाके सोडून मधला भाग मोजावा, आणि कपडा जसा धुणार तसा तुकडा आधी धुवून, वाळवून मग मोजावा. एलिझाबेथ झिमरमन यांनी १९७१ च्या आपल्या ‘निटिंग विदाउट टिअर्स’ या पुस्तकात सगळा भर यावरच दिला. टेन्शन आणि छातीचे माप यांवरून अंगाचे टाके काढायचे आणि बाही, मनगट, गळा त्याच आकड्याच्या टक्क्यांत बसवायचे, ही त्यांची रीत. ओळीमागून ओळ डोळे मिटून विणत जाण्याला त्यांचा विरोध होता, आणि मला त्यांचे म्हणणे पटते.

एकेक शब्द समजला तरी वाक्य अडू शकते. ‘डीईसी १ एसटी ईच एंड ऑफ नेक्स्ट अँड एव्हरी फॉल ४थ रो ५ टाइम्स’ हे वाक्य घ्या. कमी करण्याच्या ओळी किती? पाच नाहीत, सहा. पुढची ओळ एक, आणि त्यानंतर दर चौथी ओळ अशा पाच. प्रत्येक ओळीत दोन्ही टोकांना एकेक म्हणजे दोन टाके, एकूण १२ कमी. मुंढ्याच्या आणि बाहीच्या टाक्यांची जुळणी बिघडते ती अशाच एका ओळीच्या फरकाने. ‘एंडिंग विथ अ डब्ल्यूएस रो’ म्हणजे मागच्या बाजूची ओळ विणून थांबा, पुढची ओळ दर्शनी बाजूची असेल. आणि ‘अ‍ॅट द सेम टाइम’ हे शब्द मोठ्या अक्षरांत छापलेले दिसले, तर सुया खाली ठेवून पुढचे दोन परिच्छेद वाचावेत. मुंढ्याचे टाके कमी होत असतानाच गळाही सुरू होणार असतो आणि ते पॅटर्न पाच ओळी उशिरा सांगतो.

कंसांची दोन कामे असतात, त्यांची गल्लत होते. ‘(के१, पी१) ३ टाइम्स’ यातला कंस पुनरावृत्तीचा. ‘८० (८८, ९६, १०४)’ यातला मापांचा : सर्वांत लहान मापाचा आकडा बाहेर, बाकीचे चढत्या क्रमाने आत. आपले माप तिसरे असेल तर सबंध पॅटर्नभर तिसराच आकडा आपला. विणायला बसण्यापूर्वी पेन्सिलीने सगळीकडे आपल्या आकड्याभोवती गोल करून घ्यावेत; रात्री टीव्हीसमोर विणताना डोळा शेजारच्या आकड्यावर सहज जातो.

राइट या शब्दाचेही असेच आहे. राइट साइड म्हणजे कापडाची सुलट, दर्शनी बाजू. राइट फ्रंट म्हणजे घालणाऱ्याच्या उजव्या अंगाचा पुढचा भाग, समोर टेबलावर ठेवून बघणाऱ्याच्या उजवीकडचा नव्हे. आणि कार्डिगनचा एक भाग सविस्तर सांगून झाला की दुसऱ्यासाठी एकच ओळ येते : आकार उलटे करून पहिल्यासारखा विणा. अनुभवी माणसाला ते पुरते. नवख्यावर मात्र हा अन्याय आहे, आणि पॅटर्न लिहिणाऱ्यांनी तो थांबवावा असे मला मनापासून वाटते. तोपर्यंत उपाय एकच : पहिल्या भागाची प्रत्येक कमी करण्याची ओळ वहीत लिहावी आणि समोरच्या पानावर ओळीची सुरुवात आणि शेवट यांची अदलाबदल करून दुसरा भाग लिहून काढावा. एसएसके होता तिथे के२टॉग येईल, के२टॉगच्या जागी एसएसके.

शब्दांऐवजी चौकटींचा ग्राफ दिलेला असेल तर बरीच लघुरूपे टळतात. नक्षी डोळ्यांसमोर दिसते, वेणी कुठे वळते ते कळते. फक्त ग्राफ खालून वर वाचायचा असतो, आणि दर्शनी बाजूची ओळ उजवीकडून डावीकडे, कारण सुईवरचे टाके आपण त्याच क्रमाने विणतो. मागच्या बाजूची ओळ डावीकडून उजवीकडे. चौकटीतली खूण टाका दर्शनी बाजूने कसा दिसेल ते सांगते, म्हणून रिकामी चौकट पुढून सुलट आणि मागून उलट विणायची. गोल विणताना हा भेद राहत नाही. सगळ्या ओळी उजवीकडूनच. जपानमध्ये या खुणांचे राष्ट्रीय प्रमाणीकरण झालेले आहे, त्यामुळे तिथल्या पुस्तकातले एक अक्षरही वाचता येत नसले तरी ग्राफवरून विणता येते. इंग्रजीत अजून प्रत्येक प्रकाशकाच्या खुणा थोड्याफार निराळ्या.

मराठीत विणकामाच्या कृती लिहिण्याची आपली रीत वेगळीच आहे. ‘१० नंबरच्या सुयांवर ८० टाके घालावेत. २ सुलट, २ उलट अशी दोन इंच बॉर्डर विणावी. मग ८ नंबरच्या सुया घेऊन एक सुई सुलट, एक सुई उलट अशी काखेपर्यंत १३ इंच वीण करावी.’ पूर्ण वाक्ये, सरळ क्रम, वाचता वाचता हात चालू शकतात. तिची उणीव अशी की माप बहुधा एकच असते, लोकरीची जाडी आणि टेन्शन सांगितलेले नसते. लिहिणाऱ्या बाईचा हात आणि वाचणारीचा हात सारखाच असे धरलेले असते. इंग्रजी पॅटर्नमध्ये मापे आणि टेन्शन असते, पण वाक्य ठेचलेले असते. म्हणून नवख्याला माझे सांगणे असे की इंग्रजी पॅटर्नमधून आपले एक माप उचलावे आणि सगळी कृती आपल्या या रीतीने वहीत उतरवून काढावी, प्रत्येक कमी-जास्तीच्या ओळीपुढे उरलेल्या टाक्यांचा आकडा घालून. दोन तास जातात. जिथे वाक्य मराठीत उतरत नाही, तिथे ते आपल्याला समजलेलेच नसते, आणि हे लोकर सुईवर चढण्याआधी कळणे केव्हाही चांगले.

पहिला पॅटर्न निवडताना स्वेटरचा मोह टाळावा. वर दिलेल्या जाळीच्या ओळीचा, दोन्ही काठांना तीन-तीन सुलट टाके असलेला मफलर घ्यावा. दोन जाळीच्या ओळींच्या मध्ये एक सुई उलट, तीही काठाचे तीन-तीन टाके सुलट ठेवून. फिक्या रंगाची, साधी, जाडसर लोकर घ्यावी, कारण काळ्या किंवा केसाळ लोकरीत टाका दिसत नाही. २६ टाके, ५ मिलिमीटरच्या सुया, म्हणजे आपल्या दुकानातल्या ६ नंबरच्या. त्यानंतर बाळाचे टोपडे : त्यात टाके कमी करणे येते, आकड्यांचे कंस येतात, टेन्शन चुकले तरी एखादे डोके त्यात बसतेच. व्ही गळ्याचे कार्डिगन त्याच्याही नंतर, एसएसके आणि के२टॉग यांचे झुकाव न मोजता डोळ्यांनी ओळखू येऊ लागले की.